फुटक्या पाइपला रबराची पट्टी

परभणी जिल्ह्यात सोयाबीन, तूर किंवा ज्वारीच्या शेतावर रात्री राखणीला जाणाऱ्या माणसाजवळ पूर्वी बॅटरी, काठी, गोफण आणि बडवायला एखादा रिकामा डबा असे. रानडुकरे, रोही, हरणे आणि वानरे यांचा उपद्रव वाढत गेला तशी या सामानात एका वस्तूची भर पडली: प्लॅस्टिकच्या पाइपची बंदूक. पाण्याच्या पाइपलाइनचे उरलेले तुकडे, कॅल्शियम कार्बाइड आणि थोडे पाणी यांवर ती चालते. तिच्यातून गोळी सुटत नाही, मोठा बार होतो आणि जनावरे पळतात, निदान पहिले काही दिवस तरी पळतात.

अशी वापरलेली बंदूक जवळून पाहिली की तिच्यावरची दुरुस्ती आधी डोळ्यांत भरते. डाव्या हाताने धरायच्या जागी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळलेली असते. क्वचित त्या जागी जरा मोठ्या व्यासाचा पाइपचा तुकडा बाहेरून सरकवून पुढपर्यंत वाढवलेला असतो. विचारले तर दोन उत्तरे मिळतात. पाइप तापतो, हाताला चटका बसतो, हे एक. पाइपला चीर पडली होती म्हणून बांधून टाकली, हे दुसरे. या लेखात आपण दुसऱ्या उत्तराचा विचार करणार आहोत. ज्यांच्या घरी अशी बंदूक आहे अशी मुले आपल्या वर्गात बसलेली असतात, आणि ती नीट बांधता येईल का, हा प्रश्न ती आपल्यालाच विचारतात.

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शेतकऱ्याच्या हातात ही दुरुस्ती अनुभवाने आलेली आहे. पाणी देताना लपेटा पाइप फाटतो, तेव्हा तो त्यावर ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळतो, गाठ मारतो आणि पाणी पुढे चालू होते. वर्षानुवर्षे हे काम नीट होत आले आहे. मग तीच पट्टी बंदुकीच्या पाइपवर का चालू नये?

आधी पाइप फाटतो कसा ते पाहू. लपेटा पाइप बहुतेक वेळा लांबीच्या दिशेने फाटतो. कडीसारखा गोल कापला जाऊन त्याचे दोन तुकडे झालेले आपल्याला फारसे दिसत नाहीत. याचे कारण दहावीच्या गणितातून निघते. पाइपचा एक सेंटिमीटर लांबीचा तुकडा घ्या आणि तो उभा चिरून त्याचे दोन अर्धगोल झाले अशी कल्पना करा. आतला दाब हे अर्धगोल एकमेकांपासून दूर ढकलतो. हे ढकलणारे बल म्हणजे दाब गुणिले व्यास. त्याला अडवतात त्या पाइपच्या भिंतीच्या दोन कडा, म्हणजे जाडीच्या दुप्पट क्षेत्र. म्हणून भिंतीतील प्रतिबल हे दाब गुणिले व्यास, भागिले दुप्पट जाडी इतके होते. आता तोच पाइप आडवा कापल्याची कल्पना करा. ढकलणारे बल म्हणजे दाब गुणिले वर्तुळाचे क्षेत्रफळ, आणि अडवणारी असते भिंतीची संपूर्ण गोल कड. भागाकार केला की चौपट जाडी छेदात येते. म्हणजे परिघाच्या दिशेचे प्रतिबल लांबीच्या दिशेच्या बरोबर दुप्पट. परिघाच्या दिशेने ओढ जास्त, म्हणून चीर पडते ती लांबीच्या दिशेने.

वर्गात हे दाखवायला सायकलची जुनी, पण न फुटलेली ट्यूब पुरे. तिच्यावर बॉलपेनने २ सेंटिमीटर बाजूचा चौरस काढा, एक बाजू ट्यूबच्या लांबीला समांतर ठेवून. टायरमध्ये न घालता ट्यूबमध्ये बेताने हवा भरा. चौरसाचा आयत होतो आणि त्याची लांब बाजू परिघाच्या दिशेने असते. ट्यूब फुगायला लागली की थांबावे, फोडण्याची गरज नाही.

आता आकडे घालू. शेतात सर्रास वापरला जाणारा ६३ मिलिमीटर व्यासाचा, प्रति चौरस सेंटिमीटर ४ किलो दाबाचा पीव्हीसी पाइप घेतला तर त्याची भिंत सुमारे दीड मिलिमीटर जाड असते. सूत्रात हे घातले की आतल्या दाबाच्या सुमारे २० पट प्रतिबल भिंतीत येते. दाब ४ किलो, तर प्रतिबल सुमारे ८० किलो प्रति चौरस सेंटिमीटर. चांगल्या पीव्हीसीची ताण सहन करण्याची शक्ती साधारण ४५० ते ५०० किलो प्रति चौरस सेंटिमीटर. पाण्यासाठी ठेवलेली ही सुरक्षेची मर्यादा प्रशस्त आहे, आणि ती तशी ठेवली म्हणूनच हे पाइप जमिनीखाली वर्षानुवर्षे टिकतात.

पण ही सारी गणिते पाण्याची आहेत. पाणी जवळजवळ दाबले जात नाही. पाइप फुटताच एक पिचकारी उडते, दाब एकदम शून्यावर येतो आणि विषय संपतो. वायूचे तसे नाही. वायू दाबला की स्प्रिंगसारखी ऊर्जा साठवतो आणि पाइप फुटल्यावरही प्रसरण पावत राहतो. एक मीटर लांबीच्या या पाइपमध्ये सुमारे पावणेतीन लिटर जागा असते. तीत ४ किलो दाबाचे पाणी असेल तर साठलेली ऊर्जा जेमतेम ०.१ ज्यूल भरते. १० ग्रॅमचा खडू टेबलाएवढ्या, म्हणजे एक मीटर उंचीवरून पडला तर एवढीच ऊर्जा बाहेर पडते. त्याच दाबाची हवा असेल तर ती ७०० ज्यूलच्या वर जाते. सोयाबीनचे ५० किलोचे पोते सुमारे दीड मीटर उंचीवरून पडावे, तेवढी. दाब तोच, पाइप तोच, आणि ऊर्जेत हजारो पटींचा फरक. लपेटा पाइपवरची पट्टी यशस्वी ठरते त्यात पट्टीचा वाटा थोडा आणि पाण्याच्या सौम्यपणाचा वाटा मोठा आहे. पीव्हीसी पाइप दाबाखालच्या हवेसाठी वापरू नयेत असे अभियंते बजावतात तेही यामुळेच.

बंदुकीत तर नुसती दाबलेली हवाही नसते. कार्बाइडवर पाणी पडले की ॲसिटिलीन वायू आणि चुना तयार होतो. वेल्डिंगच्या दुकानात ज्याची निळसर पांढरी ज्योत लोखंड वितळवते तोच हा वायू. जुन्या पिढीतील शिक्षकांना जत्रेतले कार्बाइडचे दिवे आठवत असतील, त्यांत हाच जळत असे. (लसणासारखा जो वास येतो तो ॲसिटिलीनचा नव्हे. कार्बाइडमधील अशुद्धीमुळे निघणाऱ्या फॉस्फीनसारख्या वायूंचा असतो.) दिव्यात तो बारीक छिद्रातून बाहेर येऊन मोकळ्या हवेत शांतपणे जळतो. बंदिस्त नळीत हवेशी मिसळून तो पेटला की गोष्ट बदलते. बंद भांड्यात हवा आणि ॲसिटिलीन यांचे मिश्रण जळले तर दाब मूळ दाबाच्या नऊ ते दहा पट होऊ शकतो. नळीचे एक तोंड उघडे असल्याने बहुतेक बारांना तो इतका चढत नाही. पण ॲसिटिलीनची एक खोड आहे. त्याची ज्वाला नळीतून धावताना वेग घेते, आणि परिस्थिती जुळली तर साध्या ज्वलनाचे रूपांतर विस्फोटात होते. मग ज्वालेच्या जागी सेकंदाला सुमारे १,८०० मीटर वेगाची आघातलाट धावते आणि दाब सुमारे २० पटींवर जातो. वीस वातावरणे म्हणजे साधारण २० किलो दाब. आपल्या सूत्रानुसार भिंतीतील प्रतिबल सुमारे ४०० किलो.

हा आकडा पीव्हीसीच्या शक्तीच्या किंचित खाली आहे. बंदूक पन्नास बार काढूनही शाबूत राहते आणि एकावन्नाव्या बाराला फुटते, याचे उत्तर या शेजारपणात आहे. पन्नास बार झाले म्हणजे बंदूक पक्की आहे, असा अर्थ शेतकरी काढतो आणि तो स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात प्रत्येक बाराबरोबर आत सूक्ष्म चिरा वाढत असतात. शिवाय ४५० किलोची शक्ती ही नव्या, गुळगुळीत, थंड पाइपची. परभणीत मे महिन्यात तापमान ४४ अंशांच्या वर जाते, उन्हात पडलेला पाइप त्याहून कितीतरी तापतो, आणि पीव्हीसी तर ८० अंशांच्या आसपास चक्क मऊ पडते. आतून ज्वालेची धग, बाहेरून ऊन. वर्षभर उन्हात राहिलेले पीव्हीसी अतिनील किरणांमुळे ठिसूळही होते, म्हणजे ताणले जाण्याऐवजी काचेसारखे तडकते.

आता मुठीकडे वळू. गुंडाळलेले रबर या ताणाचा किती वाटा उचलते? पाइप आणि त्यावरचे रबर दोन्ही एकत्र फुगतात, म्हणजे दोघांची विकृती सारखी. प्रत्येकाने उचललेले प्रतिबल त्याच्या यंगच्या गुणांकाच्या प्रमाणात. पीव्हीसीचा हा गुणांक ट्यूबच्या रबराच्या हजार पटींहूनही मोठा आहे. तेव्हा पीव्हीसी शाबूत आहे तोवर रबराला जवळजवळ काही काम नाही, आणि पीव्हीसी तडकल्यावर सगळे काम एका क्षणात रबरावर येते, जे त्याला झेपणारे नाही. अकरावी-बारावीच्या मुलांना हे उदाहरण पुस्तकातल्या तारेच्या उदाहरणापेक्षा लवकर कळते, असा माझा अनुभव आहे.

बाहेरून सरकवलेल्या मोठ्या पाइपचे काय? तो पीव्हीसीचाच असतो, तेव्हा गुणांकाची अडचण नाही. पण तो सहज सरकला याचाच अर्थ दोन्हींमध्ये फट आहे. आतला पाइप फुगून ती फट भरून काढीपर्यंत बाहेरचा नुसता पाहुणा. कठीण पीव्हीसी फार ताणले जात नाही, त्यामुळे फट भरण्याच्या आधीच आतला तडकलेला असतो. बैलगाडीच्या चाकाला लोहार धाव चढवतो ती आठवा. लोखंडी धाव मुद्दाम जरा लहान करतात, तापवून मोठी झाली की चढवतात आणि पाणी ओतून आवळतात. गाडीवर ओझे येण्यापूर्वीच ती लाकडाला दाबून धरते, म्हणून तिचा उपयोग. जुन्या घडीव लोखंडी तोफांवरच्या कड्यांचे तत्त्वही हेच. सैल बसलेल्या बाहेरच्या पाइपने असला आधीचा दाब मिळत नाही, आणि तापल्या लोखंडाची धाव चढवून घेणारा पाइप अजून कोणी बनवलेला नाही.

या जोडणीने आणखी तीन तोटे पदरात पडतात. जिथे बाहेरचा पाइप संपतो त्या कडेला जाडी एकदम बदलते आणि प्रतिबल तिथे एकवटते. आतली चीर झाकली जाते, म्हणजे बंदूक टाकून देण्याची वेळ आली हे सांगणारी एकमेव खूण नाहीशी होते. आणि तोंडाकडे लांबी वाढवली असेल तर ज्वालेला वेग घ्यायला अधिक अंतर मिळते. दुरुस्तीने वस्तू पूर्वीइतकीच राहिली असती तर एक वेळ ठीक होते. इथे ती पूर्वीपेक्षा वाईट होते. शिवाय फुटली तर उडणारे तुकडे वाढतात, आणि हात नेमका त्याच जागी असतो.

मुठीवरचे आवरण पाहून खऱ्या बंदुकीची आठवण होते, आणि तिथेच गैरसमजाचे मूळ असावे. आपल्या पोलिसांकडे आणि एनसीसीत अनेक वर्षे असलेल्या थ्री-नॉट-थ्री रायफलीच्या नळीवर लाकडी हस्तत्राण असे. ते पाहणाऱ्याला वाटते की लाकडाने नळीला बळकटी दिली आहे. तसे मुळीच नाही. दाब सगळा पोलादी नळी आणि तिच्या मागचा खटका झेलतात. कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी त्यांची नेहमीपेक्षा जास्त दाबाच्या काडतुसाने चाचणी घेतलेली असते. लाकडाचे काम एवढेच की तापलेल्या नळीचा चटका हाताला लागू नये. हस्तत्राण सैल झाले, मोडले, तर ते बदलता येते, कारण त्याच्यावर जीव अवलंबून नसतो. पाइपच्या बंदुकीत मुठीच्या आवरणावर नळीचे काम लादलेले असते.

मग लोखंडी पाइप घ्यावा का, हा प्रश्न दर वर्गात एकदा तरी येतो, आणि त्याचे उत्तर गोल करू नये. लोखंड फुटले तर त्याचे तुकडे अधिक खोल जातात, वेल्डिंगचा सांधा हा पुन्हा नवा दुबळा भाग असतो, आणि त्यात खडे किंवा छर्रे भरण्याचा मोह झाला की ती वस्तू १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या व्याख्येतील अग्निशस्त्र ठरते. त्या कायद्याखाली अग्निशस्त्र बनवायलाच नव्हे तर दुरुस्त करायलाही परवाना लागतो, आणि विनापरवाना बनवण्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे.

फुटणे हा या बंदुकीचा एकमेव धोका नाही. कदाचित सर्वांत मोठाही नाही. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात, विशेषतः भोपाळ परिसरात, याच बंदुका फटाक्यांऐवजी विकल्या गेल्या. काही दिवसांत शंभराहून अधिक जणांना डोळ्यांच्या इजा घेऊन रुग्णालयात जावे लागले. त्यांत मुले बहुसंख्य होती आणि काहींची दृष्टी गेली. यांतल्या बऱ्याच इजा एका साध्या कृतीतून होतात: बार झाला नाही, म्हणून मुलाने नळीत डोकावून पाहिले.

बार न होणे म्हणजे नळी रिकामी असणे, हे समीकरण ॲसिटिलीनला लागू नाही. घरगुती सिलिंडरचा वायू हवेत साधारण २ ते ९ टक्के असला तरच पेट घेतो, त्याहून जास्त झाला तर हवा पुरत नाही. ॲसिटिलीनची ही मर्यादा अडीच टक्क्यांपासून सुमारे ८० टक्क्यांपर्यंत पसरली आहे. म्हणजे मिश्रण कसेही असो, ते पेटण्याजोगे असण्याची शक्यताच अधिक. नळीत उरलेला ओला कार्बाइड वायू सोडत राहतो आणि डोकावणारा माणूस वाट पाहत असताना मिश्रण बदलत राहते. पेटायला ठिणगीही फारशी लागत नाही. ०.०२ मिलिज्यूल ऊर्जा पुरते, आणि हिवाळ्यात नायलॉनचा शर्ट काढताना कडकडणारी ठिणगी त्याहून मोठी असू शकते.

बार डोळ्यावर येतो तेव्हा ज्वाला, धक्का आणि चुना असे तिघे एकदम येतात. पहिल्या दोघांची भीती सर्वांना वाटते. तिसऱ्याकडे लक्ष जात नाही, कारण चुना आपल्या घरातलाच. पण तंबाखूच्या चुन्याची पुडी दाबताना ती फुटून लहान मुलाच्या डोळ्यात गेल्याच्या घटना डोळ्यांच्या डॉक्टरांना नव्या नाहीत. ओल्या चुन्याचा सामू १२ च्या वर असतो. आम्ल डोळ्यात गेले तर पृष्ठभागावरील प्रथिने गोठतात आणि तो थर आम्लाला काही प्रमाणात अडवतो. अल्क पेशींच्या आवरणातील मेदाचा साबण करते आणि वाट काढत आत शिरते. बुबुळावरचा पारदर्शक पडदा काही मिनिटांत कायमचा पांढुरका होऊ शकतो. चुन्याचे कण पापणीच्या आत अडकून राहिले तर हे काम तासन्‌तास चालू राहते.

म्हणून अशा वेळी गाडी शोधण्याच्या आधी पाणी शोधावे. चेहऱ्यावरचे कोरडे कण कापडाने झटकून टाकावेत आणि डोळा बोटांनी उघडा धरून स्वच्छ पाण्याची धार सोडावी, निदान अर्धा तास. शेतावर बोअरचे पाणी असेल तर तेही चालेल. चुन्यावर पाणी पडले की जास्त भाजते, या समजुतीने पुष्कळ जण धुण्याचे टाळतात. थोड्या पाण्याने उष्णता निर्माण होते हे खरे, पण भरपूर वाहते पाणी उष्णता आणि अल्क दोन्ही वाहून नेते. डोळा चोळू नये. लिंबाचा रस, दूध, तूप, मध यांपैकी काहीही घालू नये. अल्क उदासीन करायला आम्ल, हा प्रयोगशाळेतला नियम डोळ्यावर चालवायचा नसतो. धुणे चालू ठेवूनच रुग्णालय गाठावे आणि चुना गेला आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, म्हणजे ते पापणी उलटून आतले कण काढतील.

राखणीचा प्रश्न यातून सुटत नाही, हे मान्य केले पाहिजे. ज्याचे एका रात्रीत अर्धा एकर पीक डुकरांनी लोळवले त्याला पाइप टाकून दे म्हणणे सोपे आहे. वन्यप्राण्यांनी केलेल्या पीकनुकसानीची भरपाई वनविभाग देतो. त्यासाठी नुकसान होताच कळवावे लागते आणि पंचनामा व्हावा लागतो. हा अर्ज कसा लिहावा हे आठवी-नववीच्या मुलांना मराठीच्या तासाला शिकवता येईल. जनावरे कोणत्याही एका आवाजाला काही दिवसांत सरावतात, मग तो कार्बाइडचा असो की डब्याचा. आवाज, उजेड आणि जागा आलटूनपालटून बदलणारा राखणदार जास्त दिवस टिकतो. परभणीच्या कृषी विद्यापीठात, गावातल्या कृषी सहायकाकडे, कुंपणाच्या खर्चाची आणि अनुदानाची चौकशी करता येते.

एखादा विद्यार्थी घरची बंदूक शाळेत घेऊन आला, आणि मुले आणतात, तर ती वर्गात घेऊ नये व हलवून पाहू नये. तिचे तोंड माणसांपासून दूर राहील अशी ती मोकळ्या मैदानात ठेवावी, जवळ विडी-काडी किंवा मोबाइल नेऊ नये, आणि तासभर कोणी फिरकू नये. उरलेला कार्बाइड मोरीत किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. ओल लागली की तिथे पुन्हा तोच वायू साठतो. डबा घट्ट बंद करून कोरड्या जागी ठेवावा आणि पालकांना बोलावून घ्यावे. पालक आले की त्यांच्यासमोर सायकलच्या ट्यूबवरचा चौरस फुगवून दाखवावा.